स्क्रीनवरची गोधडी

आई गेल्यावर तिच्या साड्यांचं काय करायचं, यावर आमच्या घरात वाद व्हायचं काही कारणच नव्हतं. गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी शिवायची आणि ती घरातल्यांनी पांघरायची, ही आमची जुनी रीत. शिवणारी मी होतेच. शिवाय मला आईची ऊब हवी होती, अगदी अंगावर ओढून घेता येईल अशी. तेरावा झाल्यावर मी बाबांना म्हटलं की कपाटातल्या साड्या मी माझ्या घरी देवासला घेऊन जाते. बाबा म्हणाले, आधी डिझाईन तर होऊ दे.

बाबा धारला राहतात. उभी हयात त्यांनी सरकारी इमारतींचे नकाशे काढण्यात घालवली, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी कागदावर सरळ यायला हवी, हा त्यांचा धर्म. आईच्या गोधड्यांना कधी डिझाईन नव्हतं. ती तुकडे जमिनीवर मांडायची, मान कलती करून बघायची, चार इकडचे तिकडे करायची आणि टाके घालायला बसायची. बाबा त्या वेड्यावाकड्या चौकोनांना नाक मुरडायचे आणि थंडीत तीच गोधडी त्याच नाकापर्यंत ओढून झोपायचे.

माझ्या लेकीनं आजोबांच्या लॅपटॉपवर गोधड्यांची डिझाईनं करायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यात तयार चौकोन असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. हवा तो ब्लॉक निवडायचा, त्यातल्या तुकड्यांत कापड भरायचं आणि तो हवा तितक्या वेळा शेजारी शेजारी मांडायचा, की आख्खी गोधडी समोर. आपल्या घरच्या कापडाचा फोटो घातला तर तेच कापड त्या तुकड्यांत दिसतं. बाबांना हे फार आवडलं. त्यांनी कपाटातून एकेक साडी काढून खिडकीपाशी फोटो काढले. माझ्या लग्नात तिनं नेसलेली हिरवी रेशमी, रोजच्या वापरातली राखाडी सुती, चहाचा डाग पडलेली पिवळी, सगळ्यांचे.

पहिलं डिझाईन मोबाईलवर आलं तेव्हा मी भाजी घेत होते. मधोमध हिरव्या साडीची चांदणी, भोवती राखाडी, कडेला पिवळी. आई समोर उभी राहिल्यासारखं झालं आणि मला तिथेच, दुधी हातात धरून, रडू आलं. घरी येऊन मी फोन केला की सुरेख झालंय, या रविवारी कापायला घेऊ. बाबा म्हणाले, चांदणीची टोकं अजून नीट जुळत नाहीत, थोडं थांब.

थोडं म्हणजे किती, हे त्या सॉफ्टवेअरलाही सांगता आलं नसतं. चांदणी गेली, पतंग आले. पतंग गेले, पायऱ्या आल्या. मी इंदूरला बस बदलून कैंची घेऊन धारला जायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. एकदा तर तुकडे कापायला मापाचे कागद छापूनही आणले होते. बाबांनी पट्टी लावली तर ते सुताभरानं लहान निघाले, कारण दुकानदारानं चित्र कागदात बसवून छापलं होतं. बाबा गठ्ठा घेऊन परत गेले, मी मागोमाग. "भिया, पन्ने में फिट मत करो, जित्ता है उत्ता ही निकालो," असं त्याला ऐकवून नवे कागद घेतले, आणि घरी आल्यावर म्हणाले की आता मूळ डिझाईनच पटत नाही. ही चालढकल आहे हे कळायला मला इतका वेळ लागायला नको होता, पण बापावर संशय घ्यायची सवय नसते माणसाला.

मग आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दर नव्या डिझाईनमध्ये आईच्या साड्या कमी होत होत्या. आधी किनारीला बाजारचं साधं कापड आलं, मग मधल्या पट्ट्यांना, आणि शेवटी आई चार कोपऱ्यांत बोटभर उरली. मी फोनवर चिडले. म्हटलं, बाबा, ही गोधडी आहे की हॉटेलातली चादर? यात आई कुठाय? बाबांनी बघतो म्हणून फोन ठेवला. उलट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. तसं तेही काय पांघरून झोपत होते? रोज स्क्रीनवर गोधडी बघायची आणि रात्री आईच्या हातची जुनी गोधडीही ठेवून देऊन बाजारची रजई घ्यायची, म्हणजे दुधाची तहान ताकावर.

संक्रांतीच्या आधी मी ठरवूनच गेले, की आज कापल्याशिवाय उठायचं नाही. बाबांनी लॅपटॉप उघडला. या वेळी डिझाईनमध्ये सगळ्या साड्या होत्या, पहिल्यापेक्षाही सुंदर मांडलेल्या. फक्त मधला ब्लॉक पांढरा होता, कोराच. तिथं काय, असं मी विचारलं.

"तिथं ती कांदेरंगी महेश्वरी यायची," बाबा म्हणाले. "पण ती कशी घेणार? तिची घडी मोडलेली नाही."

आई नवी साडी आधी स्वतः कधी नेसली नाही. मला साडी सांभाळता यायला लागल्यापासून तिच्या प्रत्येक नव्या साडीची घडी मीच मोडत आले. तासभर नेसायची, घरात हिंडायचं, मग घडी घालून तिच्या हातात द्यायची. घेताना ती विचारायची, टोचली का गं कुठं? मी नाही म्हटलं की ती साडी तिची व्हायची. लग्नानंतर तर ती साड्या माझ्या येण्यापर्यंत राखून ठेवायची. ही महेश्वरी तिनं दसऱ्यासाठी घेतली होती, आणि दसऱ्याच्या आधीच ती आजारी पडली.

मी उठून कपाट उघडलं. निदान बाकीच्या तरी घेऊ, असं म्हणत हिरवी रेशमी बाहेर काढली आणि झटकून उलगडली. ती माझ्या हातात घडीवर चिरली. दुसरी घडी उघडली तर तिथंही तेच. रेशीम एकाच घडीत पडून राहिलं की असं होतं. आई दर दिवाळीनंतर सगळ्या साड्या बाहेर काढून त्यांच्या घड्या बदलायची, दुपारभर ते चालायचं. ती आजारी पडल्यापासून दोन दिवाळ्या गेल्या, कोणी बदललेल्या नव्हत्या. बाबांनी फोटोही वरच्या घडीचाच काढला होता, तेवढा भाग चांगला होता.

बाबा जवळ आले आणि त्यांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं.

"स्क्रीनवर कितीही कापलं तरी कपाटात साडी आख्खी राहत होती," ते म्हणाले. "कपाट उघडलं की तुझी आई आहे असं वाटायचं. म्हणून करत बसलो गं."

मलाही तीच हवी होती. फक्त मला ती पांघरायची होती आणि त्यांना ती कपाटात हवी होती.

बाबांनी खालच्या कप्प्यातून महेश्वरी स्वतः काढली आणि मला दिली. म्हणाले, आधी ही नेस, मग काय कापायचं ते काप.

मी आईचाच परकर घालून ती नेसले. पदर खोचून जमिनीवर बसले. बाबांनी पट्टीनं मापाचे नवे कागद आखले, ते साड्यांवर ठेवून खडूनं रेघा मारल्या, चिरा टाळून टाळून, आणि मी कापत गेले. हिरवी झाली, राखाडी झाली. डागाची पिवळी घेतली तेव्हा बाबा म्हणाले, डागही येऊ दे एखाद्या तुकड्यात. मध्ये चहा झाला. कांदेरंगी कापड तोवर माझ्या अंगावर मऊ पडलं होतं.

तासाभरानं मी आत जाऊन साडी सोडली, काठाला काठ जुळवून घडी घातली, ती घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि तशीच उभी राहिले. पुढं द्यायची कोणाला, हे मला आत घडी घालताना सुचलंच नव्हतं. आई इथं हवी होती. दुसरं काही नको होतं मला त्या वेळी.

बाबा खडू ठेवून उठले. हात धोतराला पुसून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"टोचली का गं कुठं?"

मी नाही म्हणून मान हलवली. बाबांनी साडी घेतली, पण कपाटाकडे गेले नाहीत. ती त्यांनी जमिनीवर, कापलेल्या तुकड्यांच्या मधोमध ठेवली आणि कैंची माझ्याकडे सरकवली.