वास न येणारी लेक

धाकटीला वास येत नाही, ही काळजी आईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती.

त्या दुपारी ती लेकीकडे गेली, तेव्हा दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुरू होता. आईला तो वास दारातच आला. धाकटी मात्र त्याच खोलीत बसून चपलांचे तळ सोल्युशनने चिकटवत होती आणि शेजारी तिचं तान्हं झोपलं होतं.

आईने धावत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. "तुला वास आला नाही?"

"सर्दी झालीये गं."

"मागच्या खेपेलाही सर्दीच होती. हे सोल्युशन तुझं नाक खातंय. सोड हे काम."

"काम सोडून ते नाक काय चाटायचंय? कारखान्यात महाग पडायला लागलं म्हणून तर हे काम घरोघर आलं. कुणी कुरकुर केली की जाईल आणखी कुठेतरी. मग गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्या नावाने खडे फोडतील." धाकटीने आईच्या पायांकडे बोट दाखवलं. "आणि तू कशाला बोलतेस? ह्याच चपला स्वस्त मिळाल्या म्हणून दोन जोड घेतलेस ना?"

 घरी येऊन आईने कामगार खात्याचा नंबर शोधला. फोन केला तर काम जाणार, लेक तोंड बघणार नाही. नाही केला, तर पुढच्या वेळी दूध उतू जाईल तेव्हा दारात कुणी नसेल.

लेक जन्मभर बोलली नाही तरी चालेल, असं स्वतःला बजावत तिने फोन हातात घेतला.