निळा बर्फ

माझं काम बर्फ मोजायचं, आणि बसते मी नांदेडला. उपग्रहांनी टिपलेली हिमालयाची चित्रं संगणकावर उघडायची, बर्फ कुठपर्यंत पसरलाय त्याची रेघ आखायची आणि मागच्या आठवड्याच्या रेघेशी ताडून पाहायची. डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि समोर हिमनदी. याचं आता काही वाटत नाही.

धाकटा भाऊ फौजेत आहे. त्याची बदली लडाखला झाली तेव्हापासून आई जळकोटहून रोज फोन करू लागली. "तिकडं बर्फ किती हाय गं आज?" तोंडी सांगून तिचं समाधान होईना, म्हणून मी त्या भागाचं चित्र तिच्या मोबाइलवर पाठवू लागले. पहिल्याच दिवशी समजावलं, "आई, पांढरे दिसतात ते ढग. बर्फ निळा दिसतो, आम्ही रंगच तसे दिलेत."

"लईच उलटं काम हाय तुमचं," ती म्हणाली.

जानेवारीत भावाचा फोन यायचा बंद झाला. सहा दिवस गेले. पाच दिवस चित्रांत ढगच होते; सहाव्या दिवशी ते हटले, तर रस्ता, खिंड, सगळंच बर्फाखाली गेलं होतं. मी आईला सांगितलं, "आजही नुसते ढग आहेत, काही दिसत नाही." तरी तिनं चित्र मागितलंच. तिला काय कळणार, असं वाटून मी पाठवून दिलं.

दोन मिनिटांत फोन आला.

"ढग कुठं हायेत यात? समदं निळं हाय."

मी ते चित्र पुन्हा उघडलं.

"रस्ता बंद झालाय न्हाई का?"

"हो."

"मग तसं सांग की. मी इथं काय काय मनात आणायलेय, आन् तू मला ढग सांगायलीस!"

मला रडू आलं. तिला नाही. रस्ता बंद तर फोनही बंद असणार, हे तिनं तिचं तिनंच जुळवलं आणि दळण आणायला गेली.

नवव्या दिवशी भावाचा आवाज ऐकू आला. डिझेल पोचलं नाही म्हणून मोबाइलचा टॉवर बंद पडला होता. तो ठणठणीत होता. डब्यातलं अननस खाऊन कंटाळलोय म्हणाला. आईनं एवढंच विचारलं, "मोजे कोरडे हायेत का?"

मे महिन्यात तो सुटीवर जळकोटला आला, तेव्हा मीही गेले. ऐन उकाड्यात दोन दिवस नुसता झोपून होता. मी खोलीत डोकावले तर आई उशाशी बसून वारा घालत होती. हातानंच तिनं मला मागं जायला सांगितलं.