संडास जोडलेला गॅस

संडास जोडलेला गोबरगॅस गावात पहिल्यांदा आमच्या घरी झाला आणि त्यापायी वडिलांची सोसायटीतली खुर्ची गेली. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचं गाव निफाड तालुक्यातलं, ऊस आणि द्राक्षांचं. मी तेव्हा नाशिकला कॉलेजात होते. गंगापूर रोडला मुलींच्या वसतिगृहात राहायचे आणि शनिवारी घरी यायचे.

सुरुवात आईच्या हातापासून झाली. स्टोला पिन मारताना भडका उडाला आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हात बरा झाला, पण ती पुन्हा स्टोजवळ गेली नाही. राहिली चूल, तर धुराने तिचे डोळे सारखे चुरचुरायचे. सिलिंडरसाठी नंबर लावून ठेवला होता, तो कधी लागेल हे कोणीच सांगत नव्हतं. अशात पंचायत समितीचे एक साहेब गोबरगॅसची योजना घेऊन आले. गोठ्यात म्हशी होत्या, शेणाला तोटा नव्हता. संडासही त्याच खड्ड्याला जोडला तर अनुदान जास्त होतं, शिवाय घरात संडास होणार होता. वडील विचार करत राहिले. आईने केला नाही, तिने साहेबांना होकार देऊन टाकला.

वडिलांना अडचण वेगळीच होती. रेशनचं दुकान ज्यांच्याकडे होतं, तेच शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या पॅनेलचे पुढारी. वडील त्यांच्याच पॅनेलमधून निवडून आलेले आणि त्यांचे शाळेपासूनचे मित्र. रॉकेल त्यांच्या दुकानात मिळायचं. कोणाला वेळेवर द्यायचं आणि कोणाला "उद्या या" म्हणायचं, हेही तिथेच ठरायचं. डबे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांची घरं निवडणुकीत कोणाकडे जातील, हे सगळ्या गावाला माहीत असायचं.

ट्रॅक्टरवरून गॅसची लोखंडी टाकी अंगणात उतरली त्या दिवशी दुकानदार आले.

"वहिनी, संडासच्या गॅसवर देवाचा निवद शिजवणार का आता?"

"निवद चुलीवर करीन, भाऊजी," आई म्हणाली. "देवाला रॉकेलचा तरी वास कुठं आवडतो?"

ते हसले. जाताना फाटकाशी थांबून वडिलांना मात्र हळूच म्हणाले, "आज तू बसवला, उद्या धा जण बसवतील. मंग माझ्या दुकानात कोण येईल?" हे तो मित्र म्हणून बोलला, असं वडील पुढेही सांगत राहिले.

गॅस पेटला. निळी ज्योत, वास नाही, भांड्याला काजळी नाही. पण आमच्या चहाला वास येतो, ही बातमी आठवड्याभरात गावात फिरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी घरी होते. बायका आल्या, कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं. दुधाचे कप तसेच राहिले, त्यांवर साय धरली. संध्याकाळी ते दूध आम्हीच गरम करून प्यायलो. 

त्यानंतर सोसायटीची निवडणूक लागली, तेव्हा पॅनेलच्या यादीत वडिलांचं नाव नव्हतं. "तुझं नाव घेतलं की लोक हसतात रे," एवढंच त्यांना सांगण्यात आलं.

मग विरोधी गट घरी आला. तालुक्याहून त्यांचे नेते जीपने आले, सोबत फोटोग्राफर. आईला शाल-नारळ दिला. टाकीजवळ उभे राहून त्यांनी धूरमुक्त गावावर भाषण केलं. आईने चहा ठेवला, तर सगळे म्हणाले, आत्ताच घेऊन आलोय. जीपमध्ये थंड बाटल्यांचा क्रेट मला दिसला होता. निघता निघता त्यांनी ग्रामपंचायतीत बायकांसाठी राखीव असलेल्या जागेवर आईने उभं राहावं, अशी गळ घातली.

आई म्हणाली, "मला गॅस पाहिजे होता. गट नको होता."

या उत्तरावरून वडील तिच्याशी काही दिवस नीट बोलत नव्हते. इकडचं गेलं होतं, तिकडचं तरी हाती लागलं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. गावात राहायचं तर कुठल्या तरी ओट्यावर बसायला जागा लागते.

उन्हाळ्यात एका दुपारी दुकानदारांची बायको मागच्या दाराने आली. बर्नरवर वाकून तिने हुंगून पाहिलं.

"खरंच वास नाय येत हो."

आईने चहा दिला. तो पिऊन तिने अजून अर्धा कप मागितला. "घरी कळू देऊ नका," ती म्हणाली.

"मी कोणाला सांगू? माझ्याकडं येतं कोण?" आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्याच उन्हाळ्यात रॉकेल येईनासं झालं. आधी शेजारीण बाळाचं दूध तापवायला आली, मग कोणी कुकर घेऊन आलं. दुपारी आमच्या स्वयंपाकघरात बसायला जागा नसायची. पुढे गावात आणखी काही गोबरगॅस झाले. संडास मात्र कोणी जोडला नाही.

दोन हजारनंतर सिलिंडर सहज मिळू लागले. दुकानदारांच्या मुलाने गावात सिलिंडरचं वाटप घेतलं आणि रॉकेलच्या रांगेतल्या घरांना पॅनेलच्याच ओळखीने कनेक्शनं मिळाली. पुढच्या निवडणुकीत वडीलही त्याच पॅनेलमधून परत निवडून आले. कोणी जुना विषय काढला नाही, वडिलांनीही नाही.

आमच्याकडे तोवर सगळ्या रानात द्राक्षं झाली होती. चाऱ्याला जागा उरली नाही, आईचे गुडघे दुखायचे, गोठ्याला माणूस मिळेना. एकेक करून म्हशी विकल्या. शेण कमी झालं तशी ज्योत लहान होत गेली आणि एक दिवस तिच्यावर दूध उतू जाईना. वडिलांनी सिलिंडर आणला. टाकी भंगारवाल्याने नेली.

मी त्या रविवारी घरी होते. एवढं सोसून बसवलेला गॅस बंद झाला, तुला वाईट वाटत नाही का, असं मी आईला विचारलं.

"म्हशींचं वाटतं," ती म्हणाली. "शेवटची गेली ना, ती टेम्पोत चढत नव्हती."