माझे नऊ किलो आणि राणी रंगाचा ब्लाउज

गेल्या वर्षी लेकीच्या लग्नाआधीच्या तीन महिन्यांत मी नऊ किलो वजन घटवलं आणि त्यातला एक ग्रॅमही माझ्या अंगावरून हलला नाही.

पुढचं सांगण्यापूर्वी एक कबुली देते. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवते आहे. म्हणजे हा प्रकार एखाद्या अडाणी बाईच्या हातून घडलेला नाही. अडाणी बाई आरशात बघून गप्प बसली असती. मी आकडेमोड केली.

सुरुवात जानेवारीत झाली. सायलीचं, म्हणजे माझ्या मुलीचं, लग्न ठरलं आणि साखरपुड्याचे फोटो आले. त्यांतल्या एकात व्याह्यांच्या शेजारी जी भली मोठी बाई उभी होती, ती कोण हे मी यांना विचारलं. यांनी (म्हणजे आमच्या ह्यांनी, अत्यंत मितभाषी माणूस) फोटो हातात घेतला, चष्मा पुसला आणि आपल्याला ओळखू येत नाही असं सांगून बाहेर निघून गेले. इतक्या वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदाच खोटं बोलले. कारण ती मीच होते.

सायली पुण्याला नोकरी करते. पुढच्या वेळी घरी आली तेव्हा तिने माझ्या मनगटावर व्यायामाचा तो पट्टा बांधला. किती पावलं चाललो, किती कॅलरी जाळल्या, सगळं त्यावर दिसतं. बांधताना तिने सांगितलं होतं, की आई, हे आकडे अंदाजाचे असतात, त्यांच्यावर फार विसंबू नकोस. पण त्याच वेळी पट्ट्यावर ४१२ असा आकडा उमटला. ज्याला अंदाज सांगायचा असतो तो चारशेच्या आसपास म्हणतो. चारशे बारा म्हणणारा मोजूनच म्हणत असणार, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे स्कूटरने भाट्याला जाऊन समुद्रावर चालू लागले. घरी आले की पट्टा बघायचा, जेवढ्या कॅलरी जळल्या तेवढ्यांतून थोड्या बाजूला ठेवायच्या आणि बाकीच्या खायच्या. हे माझं सूत्र. त्यात चूक काढून दाखवा! महिन्याभरात मला पदार्थ पदार्थांसारखे दिसेनासे झाले. दोन घावन आणि नारळाचा रस म्हणजे सुरुबनापर्यंत जाऊन परत. साबुदाण्याची वाटीभर खिचडी म्हणजे त्यात पुलावरची एक फेरी मिळवायची. पूर्वी मी एक घावन खाऊन उठत असे, तेही शाळेला उशीर होईल या धाकाने. आता दोन खात होते, आणि वर ते कमावल्याचं समाधान.

माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात. वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेले, दिवसभर स्वयंपाकघरात बसून काही ना काही करत असतात. एकदा मी आंघोळीला जाताना पट्टा त्यांच्या हाती दिला, तर त्यांनी हरवू नये म्हणून तो मनगटावर बांधला आणि विळीवर नारळ खवायला बसल्या. मी डोकं पुसत बाहेर आले तर सासूबाई हात लांब धरून भेदरून बसलेल्या.

"वैजू, हे थरथरतंय गो. चावेल काय?"

मी बघितलं. पट्टा त्यांचं अभिनंदन करत होता. दोन नारळ खवून सासूबाई बसल्या जागी अडीच हजार पावलं चालल्या होत्या. त्यांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी आपले गुडघे चाचपून बघितले. मग म्हणाल्या, बरी आहे की मग, मला उगीच वाटत होतं माझे पाय गेले.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने पट्टा काढून कपाटात टाकला असता. मी काय केलं? त्या दिवसापासून घरातला नारळ मी खवायला घेतला. शाळेत फळ्यावर उत्तर दोन ओळींत संपत असेल तिथे सात ओळी लिहू लागले. शिवाय आमच्या रस्त्यावर जे खड्डे आहेत, त्यांतून स्कूटर नेली की प्रत्येक गचक्याला दोन पावलं मिळतात हेही माझ्या ध्यानात आलं, आणि मी साळवी स्टॉपकडून लांबच्या वाटेने घरी येऊ लागले. मार्च अखेरीस पट्ट्याच्या हिशेबाने माझे पाच किलो उतरले होते.

घरातला वजनकाटा मात्र दीड किलो वाढ दाखवत होता. त्यावर मी यांना समजावलं, की काटा जुना आहे आणि आपली फरशी एका बाजूला उतरती आहे, त्यामुळे असं होतं. यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघते तर काट्यावर पाच किलो पिठाची न फोडलेली पिशवी ठेवलेली, आणि काटा बरोबर पाच दाखवत होता. मी पिशवी उचलून डब्यात रिकामी केली आणि काटा माळ्यावर टाकून दिला.

एप्रिलमध्ये मालगुंडहून, माझ्या माहेरून, आंब्याच्या पेट्या आल्या. त्या महिन्यात मी इतकी चालले की काय सांगू.

आता ब्लाउजचं. आईने मला लेकीच्या लग्नात नेसायला म्हणून पैठणी दिली होती. मोरपंखी, राणी रंगाच्या काठांची. तिच्यातच ब्लाउजचा कपडा होता, राणी रंगाचा, नेमका एका ब्लाउजपुरता. तो घेऊन मी नलूकडे गेले. नलू आमच्या गल्लीतच शिवते. माझी जुनी विद्यार्थिनी. गणितात दोनदा राहिली होती. तिने माप घेतलं आणि वहीत लिहिलं. मी तिला ते खोडायला लावलं आणि सांगितलं, की लग्नापर्यंत मी आणखी उतरणार आहे, तेव्हा चार इंच कमी धर. आलेख काढून दाखवला. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर मी.

नलूने तो आलेख उलटसुलट करून बघितला. "बाई, मग निदान आत दोन इंच माया ठेवते. लागली तर सोडता येईल."

"अजिबात नको. आत कपडा राहिला की जाड दिसतं. कापून टाक."

तिने कापून टाकला. सव्वीस वर्षांत माझं म्हणणं इतक्या तंतोतंत ऐकणारी विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही.

ब्लाउज पंधरा दिवस आधी हातात आला. सासूबाई घालून बघ म्हणून मागे लागल्या, पण मी त्यांना बजावलं, की माझ्या आलेखाप्रमाणे हा ब्लाउज लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बसणार आहे. त्याआधी घालून बघण्यात काय अर्थ? आणि आदल्या संध्याकाळी घरात तीस पाहुणे होते. मग कसला ब्लाउज आणि कसलं काय.

लग्नाच्या दिवशी पट्ट्याच्या हिशेबाने माझे नऊ किलो उतरले होते आणि मुहूर्त अकरा चाळीसचा होता. पावणेअकराला कार्यालयाच्या वरच्या खोलीत मी ब्लाउज अंगात घातला. घातला म्हणजे हात बाह्यांत गेले. समोरची हुकं आणि त्यांची काजं यांच्यात वीतभर अंतर होतं. मी श्वास रोखला, तर बोटभर कमी झालं. सासूबाईंनी एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही दोघींनी जोर लावला. एक हूक उडून कुठेतरी गेलं.

तेव्हा मी खुर्चीत बसले आणि चक्क रडले. खोटं कशाला सांगू? आईने ती पैठणी स्वतः कधी नेसली नव्हती, माझ्यासाठी राखून ठेवली होती. खाली आई पहिल्या रांगेत बसली होती, आणि मी तिच्यासमोर दुसराच कुठला तरी ब्लाउज घालून जाणार होते, तोही मिळाला तर. एवढ्यात पट्टा मनगटावर थरथरला. माझ्या छातीचे ठोके वाढलेले बघून तो विचारत होता, तुम्ही व्यायाम करत आहात का?

सासूबाईंनी खालून नलूला बोलावून घेतलं. ती लग्नाला आली होती, आणि शिवणारी बाई असल्यामुळे पर्समध्ये सुई-दोरा आणि कात्री होती. तिने ब्लाउज उलटा केला, शिवण चाचपली आणि हळूच म्हणाली, "बाई, काहीच नाहीये आत. तुम्ही नको म्हणालात ना." दोन्ही बगलांखाली पट्ट्या जोडल्या तर निभेल, पण पट्ट्या आणायच्या कुठून? राणी रंगाचा तसा कपडा आत्ता कुठे मिळणार?

दारावर टकटक झाली. हे होते. गुरुजी मुलीच्या आईला बोलावत होते म्हणून आले होते. खांद्यावर टॉवेल घेऊन बसलेली मी, हातात ब्लाउज धरलेली नलू आणि जमिनीवर हूक शोधणाऱ्या सासूबाई, एवढं त्यांनी बघितलं. दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा उतरवला, त्याचं शेवटचं टोक उलगडलं आणि नलूपुढे धरलं.

"हा पण राणीच आहे," ते म्हणाले.

खरंच होता. सायलीनेच माझ्या ब्लाउजला जुळतील असे घरच्यांचे फेटे मागवले होते. नलूने कात्री चालवली. वीस मिनिटांत तिने हातानेच दोन्ही बाजूंना पट्ट्या घातल्या, आणि ती शिवत असताना सासूबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी मांडवात पोचले तेव्हा मंगलाष्टकं सुरू व्हायला तीन मिनिटं होती. माझे हात कोपरापासूनच हलत होते, त्यामुळे मी टाकलेल्या अक्षता नवरानवरीपर्यंत पोचल्याच नाहीत. सगळ्या गुरुजींच्या मानेवर पडल्या. यांचा फेटा आखूड होऊन टोपीएवढा उरला होता. आईने मात्र मला जवळ बोलावलं, पैठणीच्या काठावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. त्या क्षणी मला चार इंचांचं काही वाटलं नाही.

जेवणाच्या पंगतीत विहीणबाई माझ्याशेजारी बसल्या. त्यांनी माझ्या ब्लाउजकडे नीट बघितलं, मग यांच्या फेट्याकडे. मी घास हातात धरून थांबले. त्या म्हणाल्या, नवऱ्याच्या फेट्याचा कपडा ब्लाउजला बाजूने लावायचा, किती गोड कल्पना आहे! कुठे शिवलात? मी नलूचं नाव सांगितलं. त्यांच्या दोन बहिणींनी तिचा नंबर घेतला.

सायलीला खरं काय ते मी पंधरा दिवसांनी फोनवर सांगितलं. ती हसून हसून थकली, मग म्हणाली, आई, चालत राहा, पण चाललेलं परत खाऊ नकोस. पट्टा सध्या सासूबाई वापरतात. त्यांना वेळ बघायला बरा पडतो. मी आणि हे रोज संध्याकाळी नुसते चालतो. चार महिन्यांत दोन किलो गेले. माळ्यावरचा काटा खाली आणून, सपाट जागी ठेवून, तीनदा खात्री करून घेतलेले दोन किलो.

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. पालकसभेत 'रोजच्या जगण्यात गणिताचा उपयोग' या विषयावर बोलायला अनुभवी कोणीतरी हवं होतं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर माझंच नाव होतं. मी त्यांचे आभार मानले आणि चित्रकलेच्या सरांना बोलवा असं सुचवलं. त्यांची नजर मापाला पक्की आहे.