वहिनीचा वेगळा टोप

रानात जाऊन राहायचं ठरलं की आमच्या घरातली माणसं तंबूची चौकशी करतात आणि मी जेवणाची. तंबू भाड्याने मिळतो हो, पोटाचं काय? नदीकाठी बिस्किटं आणि दोन मिनिटांच्या शेवया खाऊन परत येणाऱ्यांची मला कीव येते. म्हणून दोन वर्षांमागे नोव्हेंबरात वाळपईच्या पुढे नदीकाठी तीन दिवस राहायला निघालो, तेव्हा सगळ्या जेवणांची यादी मी आठ दिवस आधीच करून फ्रिजवर चिकटवली होती. पहिल्या दिवशी बर्फातली ताजी मासळी, कारण ती टिकत नाही. दुसऱ्या दिवशी रेशाद मसाला भरून ठेवलेले बांगडे. तिसऱ्या दिवशी सुकं, म्हणजे सुकवलेली मासळी. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तोराचं, कोवळ्या कैरीचं लोणचं. वाटपं घरूनच वाटून, डब्यांवर चिठ्ठ्या लावून. बायको म्हणाली, "लग्न आहे काय कोणाचं?" मी म्हटलं, "तुला खायला मिळेल तेव्हा बोल."

आम्ही सातजण होतो. माझा थोरला भाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा आणि त्याची नवी बायको, मी, माझी बायको आणि आमची मुलगी. भावाची लेक तेवढी आली नव्हती. ती म्हापशाला सासरी होती आणि तिला तिसरा महिना होता. त्याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलेलं. दुसऱ्या वेळेनंतर पोरगी महिनाभर कोणाशी धड बोलली नव्हती. या वेळी वहिनीने नार्व्याला जाऊन देवापुढे सांगितलं होतं, लेक सुखरूप सुटेपर्यंत नुस्त्याला, म्हणजे मासळीला, तोंड लावणार नाही. पेडण्यात समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेली बाई ती. नुस्तं नसेल तर तिला भात गिळत नाही. मासळीवर पाणी सोडणं तिच्यासाठी काय होतं हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

ती म्हणाली होती, "भावजी, माझ्यासाठी कायएक करू नकात. मी दहीभात खायन." मी कसला ऐकतोय! तिच्यासाठी वेगळा टोप घेतला, वेगळा डाव, वेगळी कढई, आणि यादीत तिचं शिवराक, बिनमासळीचं जेवण वेगळ्या रकान्यात लिहिलं. पोचल्या पोचल्या सगळ्यांना उभं करून भाषण ठोकलं. वहिनीच्या भांड्यांना मासळीचा हात लावायचा नाही. जो लावेल त्याची गाठ माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने नेमकं तेच केलं. बांगडे परतायला त्याने हाताला लागला तो डाव घेतला, तो निघाला वहिनीचा. मी जो भडकलो! "आईचा नेम मोडायचा आहे काय तुला? अक्कल गहाण टाकून आलास? बहिणीचं काय होईल, याचा विचार कर." त्याची बायको बाजूला कांदा चिरत होती. लग्नाला तीन महिने झाले होते. तिच्यादेखत बोललो. पोरगा लाल झाला, डाव घेऊन नदीवर गेला आणि वाळूने घासून घासून आणला. वहिनी म्हणाली, "ऱ्हवांदे हो, चुकून झाला." मी म्हटलं, असल्या गोष्टीत चूक म्हणजे काय? डाव बाजूला टाकला आणि नवीन काढला.

दुपारी अळसांद्यांचं तोणाक केलं, चवळीची वाटपातली रसभाजीच ती, तिच्या टोपात, तिच्या चुलीवर. अळसांदे छान शिजले होते, पण घरून आणलेलं वाटप दुसऱ्या दिवशी थोडं उतरलं होतं. चाखून बघितलं तर सपक. इकडे बांगडे तव्यावर, तिकडे भात उतू जातोय, मुलगी विचारतेय, ताटं कुठे. आमच्या घरात भाजी सपक लागली की काय करतात? भाजून कुटलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, चिमूटभर टाकतात. आईने केलं, आजीने केलं, मी तीस वर्षं करतोय. हात आपसूक जातो. माझाही गेला. तिसऱ्या दिवसाच्या सुक्याचा डबा उघडला, दोन चिमटी टाकल्या, ढवळलं, पुन्हा चाखलं. आता कसं, म्हटलं.

पानं मांडली. वहिनीला दोन दिवस नदीच्या गारठ्याने सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं. आणि चहूकडे बांगड्यांचा वास. तिने पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाली, "माका चव कळना नाय, तरी बरा लागता हां भावजी. घशाक बरा वाटला." मी सुंगटांच्या डब्याचं झाकण लावत होतो. तेव्हा कळलं.

एक शब्द बोललो असतो तर ताट बाजूला झालं असतं. दोन घासच गेले होते. देवाला काही सांगता आलं असतं, प्रायश्चित्त घेता आलं असतं, ती बघून घेती. पण समोर पुतण्या बसला होता. सकाळी त्याच्या बायकोसमोर त्याला जे बोललो होतो, ते सगळं माझ्या कानात वाजत होतं. नुसत्या डावाला एवढं, आणि मी? मी डबा पिशवीत तळाशी सरकवला. वहिनीने पुन्हा तोणाक मागितलं. मी वाढलं. हो, माझ्या हाताने वाढलं.

त्यानंतरचे सहा महिने म्हापशाहून फोन आला की मी बायकोला उचलायला सांगायचो. मार्चमध्ये पुतणीला त्रास झाला, रक्त गेलं, पाच दिवस इस्पितळात ठेवलं. माझी खात्री झाली की हे माझ्यामुळेच. डॉक्टर काहीही म्हणोत. इस्पितळाच्या पायरीवर वहिनी बसली होती, सुकून काडी झालेली, आणि म्हणत होती, "माझा कायतरी चुकला आसतला. आठवून बघतंय, गावना नाय." मी तिच्या शेजारी बसलो होतो. मी तिला चहा आणून दिला. दुसऱ्या दिवशी एकटाच नार्व्याला गेलो आणि देवापुढे सगळं बोलून आलो. देवाला सांगणं सोपं असतं. तो घरी येऊन वहिनीला सांगत नाही.

मे महिन्यात पुतणी सुटली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारसं झाल्यावर वहिनी नार्व्याला जाऊन आली, आणि नेम सोडायला आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. इसवणाच्या, सुरमईच्या तुकड्या तिने स्वतः तळल्या. सहा महिने जिने वासावर काढले, ती पान वाढून घेऊन बसली आणि हात मात्र लावेना. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यो नेम माझ्या एकटीचो नाय. घरात कोणूय पाळीत. रानात, धुळी-धुरात, भावजींनी माझा टोप वेगळो ठेवलो. माझ्या पोराक कडक बोलले. म्हणान टिकलो. पयलो घास तेंचो."

पुतण्या मान हलवून म्हणाला, "काका, त्या दिवशी राग आलेला मला. पण तुमचंच बरोबर होतं."

वहिनीने आपल्या पानातली पहिली तुकडी उचलून माझ्या पानात ठेवली आणि मी खाईपर्यंत हात जोडल्यासारखी बसून राहिली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाल्ली. सांगायला लाज वाटते, पण चांगली लागली.