जिथे रुफिना टेकली, तिथे गाव

मिलाग्रोसची आणि माझी ओळख भांडणाने झाली. भांडण तिने सुरू केलं, असं मी अजूनही म्हणते.

टोकियोच्या एदोगावा भागात नदीच्या काठाला हॉटेलांच्या चादरी धुणारा एक कारखाना आहे. मी तिथे बाइतो करते, म्हणजे ठरावीक तासांचं काम. इस्त्रीचं यंत्र म्हणजे खोलीएवढा तापलेला रूळ. दोघींनी चादरीचे दोन कोपरे धरायचे, एका दमात ताणायचे आणि रुळाच्या तोंडाशी लावायचे. मी पुण्याची, एम.कॉम. झालेली, नवऱ्याच्या आयटी कॉन्ट्रॅक्टमागे फुनाबोरीत येऊन पडलेली. चादर धरायला काय अक्कल लागते, असं मनात धरूनच मी पहिल्या दिवशी उभी राहिले. चादर तिरकी गेली, रुळात अडकली, यंत्र बंद पडलं. समोरची बुटकी, गोल चेहऱ्याची फिलिपिनो बाई माझ्यावर जपानीत ओरडली. मला फार जपानी येत नव्हतं, पण शिवी कोणत्याही भाषेत कळते.

पुढे तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर मला काम जमेना. तिचं जपानी फर्मास, माझं तुटकं, त्यात दोघींचं कामचलाऊ इंग्रजी. त्या खिचडीत ती जे बोलायची ते मी इथे मराठीत सांगते आहे. आणि ती बोलायची फक्त तिच्या गावाबद्दल. गावाचा अभिमान ही आम्हा पुणेकरांची मक्तेदारी, असा माझा समज होता. या बाईपुढे मी हात टेकले.

तिच्या गावाचं नाव सांता रुफिना. फिलिपीन्सच्या समार बेटाच्या पूर्वेला, पॅसिफिकच्या अगदी तोंडाशी. म्हणायला नगरपालिका, पण आकाराने आपल्याकडच्या दोन-तीन खेड्यांएवढी. मागे डोंगर, डोंगरातून येणारी चहाच्या रंगाची नदी, आणि नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची एक लांबट जीभ. त्या जिभेवर चर्च, बाजार, पालिका आणि मिलाग्रोसच्या आईचं घर. समोर पाण्यात पोवळ्यांचे खडक. वरच्या वाड्यांना जायचं तर होडीने. पूर्वेकडून वादळ आलं की त्याच्या वाटेत पहिलं गाव हेच.

गावाचा इतिहास तिला तोंडपाठ होता, आणि तो सगळा एका मूर्तीभोवती फिरायचा. स्पॅनिश पाद्र्यांच्या काळात मनिलाहून रुफिना संतिणीची मूर्ती आली. ती सांभाळायचा मान मिलाग्रोसच्या घराण्यातल्या बाईकडे. तिला कामारेरा म्हणतात, आणि सध्याची कामारेरा मिलाग्रोसची आई. मूर्तीला वस्त्रं नेसवायची, केस विंचरायचे, सगळं तिनेच, दार लावून. पुढे दक्षिणेकडून होड्या भरभरून लुटारू यायला लागले, माणसं पकडून न्यायला लागले, तेव्हा त्या वेळची कामारेरा मूर्ती घेऊन डोंगरावर चढली. तिने जिथे रुफिना टेकवली तिथे लोकांनी घरं बांधली. अमेरिकन आले, सुक्या खोबऱ्याची जहाजं किनाऱ्याला लागायला लागली, तेव्हा दुसरी एक कामारेरा रुफिनाला घेऊन खाली वाळूवर आली. गाव मागोमाग उतरलं. युद्धात जपानी सैनिक आले तेव्हा मिलाग्रोसची पणजी मूर्तीसकट नदीच्या वर जंगलात जाऊन बसली होती. युद्ध संपल्यावर ती परतली, तेव्हाच लोक परतले.

"म्हणजे महापौर नावालाच?" मी विचारलं.

"महापौर निवडून येतो," ती म्हणाली. "पण गाव कुठे बसायचं हे रुफिना ठरवते."

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने मूर्तीचा फोटो दाखवला आणि मला हसूच आलं. तोंड आणि दोन हात हस्तिदंती, बाकी अंग म्हणजे लाकडी चौकट, वर जरीची वस्त्रं. ही तर आमची गौर, मी म्हटलं. आमच्याकडेही मुखवटे असतात, खाली स्टँड, वर साडी. इथे येताना मी मुखवटे तेवढे हातातल्या बॅगेत घालून आणले, स्टँड सासरी राहिला. मिलाग्रोसला ते फार आवडलं. देव बॅगेतून नेता येतो हे तिने दोनदा विचारून घेतलं.

पण तिचा जीव मूर्तीत नव्हता. तिचा जीव जोवेलिनमध्ये होता. मुलगी दीड वर्षांची असताना तिला आईकडे टाकून मिलाग्रोस जपानला आली. इथे एका जपानी माणसाशी लग्न केलं, ते मोडलं, आणि मोडलेल्या लग्नानंतर इथे टिकून राहण्यात वर्षं गेली. मुलगी फोनच्या पडद्यावर वाढली. आता ती सोळाची होती, आणि शेवटी एकदाचा तिचा व्हिसा झाला होता. जानेवारीत जोवेलिन येणार. मिलाग्रोसने दोन खोल्यांचं घर घेतलं, एक खोली रंगवली, आणि मला त्या रंगाबद्दल इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी वैतागून म्हटलं, आता मुलगी आल्यावर तिलाच सांग.

नोव्हेंबरात वादळ आलं.

टोकियोत तेव्हा लख्ख ऊन. सकाळी मिलाग्रोस कामावर आली ती फोन एप्रनच्या खिशात लपवून. आमच्याकडे फोन लॉकरमध्ये ठेवायचा सक्त नियम. आमचे सुपरवायझर कामाता-सान त्या बाबतीत यमदूत. पहिली चादर लावतानाच फोन वाजला आणि तिने कोपरा सोडून दिला.

जोवेलिन होती. मिलाग्रोसने फोन स्पीकरवर टाकला. त्यांची भाषा मला कळत नव्हती, पण वाऱ्याचा आवाज कळत होता. मिलाग्रोस मध्ये मध्ये माझ्याकडे वळून एकेक वाक्य जपानीत फेकत होती. सगळे लोक डोंगरावरच्या शाळेत गेले आहेत. मूर्ती उचलणारे पुरुषही आपापल्या पोराबाळांना घेऊन गेले. आई हलत नाही. म्हणते, रुफिनाला सोडून कामारेरा आजवर कधी गेली नाही. आणि जोवेलिन आजीला सोडून हलत नाही.

"समुद्र मागे गेलाय म्हणते," मिलाग्रोस म्हणाली. "खडकांच्या पलीकडे. तळ उघडा पडलाय."

ती फोनवर ओरडली, मग विनवणी केली, मग परत ओरडली. पलीकडून मुलीचा बारीक, हट्टी आवाज येत होता. तो नाही म्हणतोय हे कळायला भाषा लागत नाही.

कामाता-सान आमच्या दिशेने येताना दिसले. आता ही कामावरून जाणार, मी धरून चालले. ते आले, तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि खाली पडलेला चादरीचा कोपरा उचलून तिच्या जागी माझ्यासमोर उभे राहिले. आम्ही दोघं चादरी लावत राहिलो. मिलाग्रोस आमच्या मागे भिंतीशी खाली बसली होती.

आणि मीच बोलले. रुळाच्या आवाजात ओरडूनच सांगितलं, "अगं, तोंड तेवढं काढून ने म्हणावं. मुखवटा. बाकीचं राहू दे तिथे."

मिलाग्रोसने वर पाहिलं. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. तिला ऐकू गेलं होतं. ती नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मग तिने फोन तोंडाशी धरला आणि अगदी हळू, एकेक शब्द मोजून आईशी बोलली. पलीकडे आजी काहीतरी म्हणाली. छोटंसंच. मिलाग्रोस म्हणाली, "ओओ." हो. त्यानंतर फोन तुटला.

"जोवेलिन निघतेय," ती मला म्हणाली. "तोंड आणि हात शाळेच्या दप्तरात घालून. आई म्हणाली, रुफिनाच्या अंगावरची वस्त्रं सोडते आणि मागून येते. उघडी टाकून कशी येऊ, म्हणाली."

मला बाई माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. घरी जाऊन अंबरीषला, माझ्या नवऱ्याला, मी ते तिखटमीठ लावून सांगितलं.

त्यानंतर फोन लागेना. सांता रुफिनाचाच नाही, त्या सगळ्या किनाऱ्याचा. मिलाग्रोस रोज कामावर यायची, घरी भिंती खायला उठतात म्हणायची. चादर ताणताना तिचा हात एकदाही मागे राहिला नाही. मी घरी देव पाण्यात घालून बसले होते. अंबरीषने ऑफिसात बसून उपग्रहाची नवी चित्रं शोधून काढली आणि घरी आल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, "वीणा, ती जीभ आहे ना वाळूची, ती नाहीये आता. म्हणजे मॅपवर आहे, पण इमेजमध्ये फक्त पाणी आहे. तिला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. तिने ती चित्रं माझ्याआधी पाहिली होती.

सैन्याने डोंगरावर फोनची सोय केली तेव्हा जोवेलिनचा आवाज आला. जिवंत होती. मिलाग्रोस चादरींच्या ढिगात तोंड खुपसून रडली. आजी मागून आलीच नव्हती. चर्चची एक भिंत राहिली होती, घराचा मागमूस नव्हता. आईसाठी ती नंतर रडली, पण त्या दिवशी तिला फक्त मुलगी दिसत होती, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

जानेवारीचं तिकीट काढलेलं होतं. मिलाग्रोसने फोनवर तारीख सांगितली, मनिलापर्यंत कसं यायचं ते सांगितलं. जोवेलिन म्हणाली, मी येणार नाही.

तिने शाळेतल्या एका बाकावर रुफिनाचं तोंड ठेवलं होतं. पाणी ओसरल्यावर लोक खाली गेले, बघून परत आले आणि त्या शाळेभोवतीच पत्रे, ताडपत्र्या बांधायला लागले. पाद्री आले. महापौर येऊन म्हणाला, पालिका आता इथेच. म्हाताऱ्या बायका सकाळी येऊन सोळा वर्षांच्या पोरीच्या हाताला कपाळ लावायला लागल्या. आजीने स्वतःच्या हाताने तिला मुख दिलं होतं. म्हणजे आता कामारेरा तीच, आणि ते एकदा हातात आलं की मरेपर्यंत सुटत नाही.

"मी येते, मी घेते तुझ्याकडून," मिलाग्रोस म्हणाली.

"आजीने मला दिलंय. तुला नाही."

"मग दुसऱ्या कुणाला दे. चर्चमध्ये ठेव. जोवेलिन, तुझी खोली तयार आहे."

"मम्मा, मी तिला उचलली तर हे सगळे उठतील. आत्ताच बसलेत."

हे मला मिलाग्रोसने दुसऱ्या दिवशी चादरी लावता लावता सांगितलं. मी चिडले. म्हटलं, लहान पोर आहे, धक्क्यात आहे, चार महिने जाऊ देत, डोकं ठिकाणावर येईल. आणि नाहीच आली तर तू जा. मिलाग्रोसने मान हलवली. तिथे आता काहीच नाही, ती म्हणाली. ते सगळे पत्र्यांची, तांदळाची वाट बघत बसलेत. ती इथून गेली तर पाठवणार कोण?

मग म्हणाली, "मला माहीत होतं, वीणा-सान. तू तोंड काढून ने म्हणालीस तेव्हाच. आईने विचारलं, कुणाच्या हातात देतेय कळतंय ना तुला? मी हो म्हटलं. म्हटलं आधी वर जाऊ दे, जिवंत राहू दे, मग भांडून आणीन."

मी माझा कोपरा ताणला. चादर रुळात शिरली, सरळ, एक सुरकुती न पडता.

तिकिटाच्या दिवशी ती म्हणाली, नारिता विमानतळावर चल. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, ती मनिलाला येऊन बसली असेल, न सांगता, तिचा स्वभावच तसा. मी निघाले. ट्रेनमध्ये मिलाग्रोस सगळा वेळ बोलत होती, नवी शाळा, जपानीचा वर्ग, पोरीला थंडी सोसेल की नाही. तिच्या मांडीवर नवा कोट होता, जोवेलिनच्या मापाचा.

मनिलाचं विमान वेळेवर उतरलं. सरकत्या दारातून माणसं बाहेर येत राहिली, दोऱ्यांनी बांधलेली खोकी, झोपलेली बाळं, एकमेकांना मिठ्या मारणारी कुटुंबं. मिलाग्रोस टाचा उंचावून प्रत्येक मुलीचा चेहरा बघत होती. एक-दोनदा तिचा हात वर गेला. मग माणसं विरळ झाली, विमानातले कर्मचारी आपल्या बॅगा ओढत निघून गेले, आणि दार उघडायचं थांबलं. मी तिचा दंड धरला.

"जाऊ या," मी म्हटलं.

"अजून थोडा वेळ," ती म्हणाली, आणि कोटाची बटणं लावत उभी राहिली, जणू आत मुलगी उभी होती.