सांडलेल्या कापसाची वात

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. अकोल्याला रेल्वे आली आणि आम्हा कापूस वाहणाऱ्या गाडीवानांची लांबची भाडी बुडाली. माझी झोप उडाली. माझ्या शेजारचा गाडीवान मात्र बैल विकून आला आणि रोजच्यासारखा सांडलेल्या कापसाची देवासाठी वात वळत बसला.

"तुले कायचीच फिकीर नाही काय बे?"

"बैल गेले भाऊ, देव कुठी गेला?" तो हसला. मी जळलो.

ठेशनावर कापसाच्या गाठी राखायला त्याला घेणार होते. तो माणूस कसा आहे, असं मुकादमाने मला विचारलं. मी म्हणालो, "वजन वाढवाले कापसावर पाणी मारते तो." खरं तर पाणी मी मारायचो.

त्याचं काम हुकलं. "देवानं दुसरं काही ठरवलं असन," असं मलाच सांगून तो गाव सोडून गेला.

ते मी ठरवलं होतं, हे त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.